चोरीचं तांबं दुकानात सापडलं, मग गुन्हा आमचाही का?

प्रश्न : तालुक्याच्या गावी आमचं भंगाराचं दुकान आहे. गुमास्ता (दुकानाचा परवाना) माझ्या नावावर आहे, व्यवहार पती बघतात, वही मी लिहिते. मागच्या महिन्यात नेहमीच्या एका फेरीवाल्याकडून पतींनी बत्तीस किलो जाळलेलं तांबं घेतलं. सगळं एकाच जाडीचं. रोखीत, आणि भावापेक्षा बरंच स्वस्त. वहीत त्याचं फक्त हाकेचं नाव आणि वजन आहे. दुसऱ्या दिवशी निम्मा माल शहरातल्या मोठ्या व्यापाऱ्याकडे गेला. त्याच रात्री शेजारच्या दोन गावांतल्या डीपी (विजेचे ट्रान्सफॉर्मर) फोडल्याची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आली. चौथ्या दिवशी पोलिसांनी उरलेला माल उचलला आणि आता पतींना कलम ३५(३) ची, ठाण्यात हजर राहण्याची नोटीस आली आहे. भाऊ म्हणतो, वही नव्याने लिहून काढा. गावकरी म्हणतात, दोन लाख द्या, नाहीतर दुकान उघडू देणार नाही. आम्ही चोरी केलेली नाही, पैसे मोजलेत. असले लोक चोऱ्या करतात हे सगळ्यांना माहीत आहे, मग आम्हाला का धरतात? आमचे पैसे परत मिळतील का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सर्वांत धोक्याचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेला आहात : 'असले लोक चोऱ्या करतात हे सगळ्यांना माहीत आहे.' हे सरकारी वकिलांच्या हाती लागलं तर त्यांचं निम्मं काम झालं. चोरीचा माल घेणाऱ्यावरचा खटला चोरी कोणी केली यावर उभा राहत नाही. घेताना तुम्हाला काय माहीत होतं आणि समोर दिसत असलेल्या गोष्टींवरून काय कळायला हवं होतं, यावर तो उभा राहतो. विकणारा चोऱ्या करतो हे माहीत होतं म्हणता आणि त्याच्याकडूनच माल घेतला म्हणता. ही दोन वाक्यं एकत्र वाचली की बचाव संपतो.

भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७(२) असं आहे : माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, जो तो अप्रामाणिकपणे घेतो किंवा जवळ ठेवतो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं हेच कलम ४११. पैसे मोजले होते, हा त्यावरचा बचाव नाही. चोरीचा माल कोणी फुकट देत नाही.

आता 'मानायला कारण' तुमच्या बाबतीत काय होतं ते न्यायाधीशाच्या नजरेने बघू. फेरीवाल्याकडे येणारं घरगुती तांबं मिसळीचं असतं. फ्रिजची नळी, पंख्याची बारीक वायर, एखादं फुटकं भांडं, मोटारीचं जळकं वाइंडिंग. किलो-दोन किलो जमायला आठवडा जातो. एका खेपेला बत्तीस किलो, सगळं एकाच जाडीचं, तेही जाळलेलं, हा माल घराघरांतून गोळा झालेला दिसत नाही. तार जाळतात ती वरचं आवरण काढायला हे खरं, पण आवरणाबरोबर ओळखही जळते हे तपास अधिकाऱ्यालाही माहीत असतं. त्यात भाव कमी आणि व्यवहार रोखीचा. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिचं उत्तर देता येतं. सगळ्या एकत्र आल्या की अवघड जातं.

पण मला त्याहून कच्चा दुवा वाटतो तो पुढच्या तीन दिवसांचा. कलमात 'घेतो' बरोबर 'जवळ ठेवतो' हा शब्दही आहे. घेताना शंका आली नाही, हे कोर्ट एक वेळ मान्य करील. मात्र डीपी फोडल्याची बातमी त्याच रात्री तुमच्या फोनवर आली आणि सोळा किलो तांबं गोडाउनमध्ये पडून होतं. त्यानंतर पोलीस येईपर्यंत तुम्ही काय केलंत? ठाण्याला किंवा वायरमनला फोन केला असेल, फेरीवाल्याला बोलावून विचारलं असेल, निदान उरलेला माल पुढे पाठवायचं थांबवलं असेल, तर त्याचा प्रत्येक पुरावा जपा. कॉल रेकॉर्ड, मेसेज, जे असेल ते. काहीच केलं नसेल तर तुमच्या वकिलाला तसंच सांगा. वकिलापासून लपवलेली गोष्ट उलटतपासणीत बाहेर येते, आणि तेव्हा तिचं काही करता येत नाही.

पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ मध्ये एक गृहीतक आहे. चोरीनंतर लवकरच ज्याच्याकडे माल सापडतो आणि ज्याला त्याचा खुलासा देता येत नाही, तो एकतर चोर आहे किंवा माहीत असून माल घेणारा आहे, असं न्यायालय धरून चालू शकतं. धरलंच पाहिजे असं नाही. पण इथे चोरी आणि जप्ती यांत चारच दिवस आहेत, म्हणजे खुलाशाची गरज तुम्हालाच जास्त आहे. फेरीवाल्याने पोलिसांसमोर पतींचं नाव घेतलं, तेवढ्याने गुन्हा शाबीत होत नाही. गोडाउनमध्ये सापडलेला माल मात्र प्रत्यक्ष समोर आहे.

माल डीपीतला निघाला तर विद्युत अधिनियम, २००३ सुद्धा लागेल. वीजवाहिनी आणि साहित्याच्या चोरीसाठी कलम १३६ आहे, तो माल घेणाऱ्यासाठी कलम १३७. शिक्षा तीन वर्षांपर्यंतच, पण गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. या शब्दाने लोक उगाच गर्भगळीत होतात. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळत नाही असं नाही. तो पोलीस ठाण्यात हक्काने मागता येत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो, इतकंच.

आलेली नोटीस ही खरं तर दिलासा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस म्हणजे पोलिसांना आज अटक गरजेची वाटलेली नाही. पती दिलेल्या तारखेला हजर राहिले आणि पुढेही राहत गेले, तर कारणं लेखी नोंदवल्याशिवाय त्यांना या गुन्ह्यात अटक करता येत नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक नको, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावलेलं आहे. गैरहजर राहिलात की हे संरक्षण गेलं. तरीही अटकेची धास्ती वाटत असेल तर सत्र न्यायालयात याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो. ठाण्यात जाताना गुमास्ता, वही, शहरातल्या व्यापाऱ्याची पावती आणि त्या दिवसाचं वजनकाट्याचं बिल असेल तर ते न्या. प्रती द्या आणि पोच घ्या. मूळ कागद मागितले तर पंचनामा करूनच द्या. स्वतःविरुद्ध बोलायला पतींना कोणी भाग पाडू शकत नाही, पण गप्प बसण्याचा हक्क आणि खोटं सांगणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आणि झडती-जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण आता याच संहितेच्या कलम १०५ नुसार बंधनकारक आहे. ते झालं होतं का, सील कधी लावलं, वजन कोणासमोर केलं, हे आठवतंय तोवर लिहून ठेवा.

वहीबद्दल तुमच्या भावाचा सल्ला मानू नका. एका ओळीत सांगायचं तर तो तुम्हा दोघांना आत घालील. तुम्ही लिहिता की वहीत फेरीवाल्याचं फक्त हाकेचं नाव आणि वजन आहे. असू दे. अर्धवट पण खरी नोंद हे दाखवते की व्यवहार लपवलेला नव्हता. नव्या शाईत, एका हाताने, एका बैठकीत लिहिलेली वही कोर्टात ओळखू येते. खोटा पुरावा तयार करणं (न्याय संहितेचं कलम २२८-२२९) आणि कागद नष्ट करणं (कलम २४१) हे वेगळे गुन्हे आहेत. शिवाय आज पतींविरुद्ध 'माहीत असायला हवं होतं' एवढंच आहे. वही बदललीत तर 'माहीत होतंच' हे तुम्हीच सिद्ध करून द्याल, आणि अक्षर तुमचं असल्याने तुम्हीही आरोपी व्हाल. शहरात गेलेल्या मालाचंही तसंच. कुठे गेला, किती गेला, स्वतःहून सांगा. लपवायला मदत केली तर कलम ३१७(५) वेगळं लागतं. बातमी येण्याआधी, पावतीवर, नेहमीच्या व्यापाऱ्याला माल गेला असेल, तर ती गोष्ट तुमच्याच बाजूची आहे.

गोडाउनमध्ये शंका घ्यावी असं आणखी काही असेल तर रात्रीतून हलवू नका, वकिलामार्फत कळवा. रेल्वेचा एखादा तुकडा असेल तर विशेष जपा. रेल्वे मालमत्ता (बेकायदा कब्जा) अधिनियम, १९६६ मध्ये माल चोरीचा असल्याचा वाजवी संशय सरकारने दाखवला, की तो कायदेशीर मार्गाने आला हे शाबीत करण्याचा भार तुमच्यावर येतो. सवयीने चोरीचा माल घेणाऱ्याला कलम ३१७(४) खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. एका व्यवहारावरून ते लागत नाही, पण तपास जुन्या नोंदींपर्यंत जाईल, हे धरून चाला.

पैशांचं उत्तर कडू आहे. तांबं परत मिळणार नाही. मालविक्री अधिनियम, १९३० चं कलम २७ सांगतं की विकणाऱ्याचीच मालकी नसेल तर घेणाऱ्याला ती मिळत नाही. मुद्देमाल न्यायालयाच्या आदेशाने मूळ मालकाकडे, म्हणजे महावितरणकडे जाईल. पैसे फेरीवाल्याकडून वसूल करण्याचा दिवाणी हक्क तुम्हाला आहे. त्याच्याकडे वसूल करण्यासारखं काही आहे का, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

आता गावकऱ्यांचं. दुकान बंद पाडण्याचा अधिकार जमावाला नाही. कुलूप लावू लागले तर पोलिसांत तक्रार द्या. दोन लाख देऊन खटलाही मिटत नाही, कारण डीपी गावाची नव्हती, महावितरणची होती. पैसे देताना ज्या कागदावर सही घेतील तो कबुलीजबाब म्हणून पुढे येईल. पण त्यांचा राग खोटा आहे असं समजू नका. चोराला हवं असतं आतलं काही किलो तांबं. त्यासाठी तो ऑइल जमिनीत सोडतो, टाकी फोडतो, आणि डीपी कायमची जाते. त्यावरचे सगळे कृषिपंप थांबतात, नळयोजनेची मोटर थांबते, पोरांचा अभ्यास कंदिलावर येतो. नवी डीपी येईपर्यंत रब्बीचं एखादं पाणी हुकलं तर ते उत्पन्न कोणी भरून देत नाही, आणि ती आणायला ट्रॅक्टर अनेकदा गावानेच द्यायचा असतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची लोखंडी दारं चोरीला जातात तेव्हाही हेच. दार भंगारात किलोवर विकलं जातं आणि पावसाळा सरताना अडवायचं पाणी वाहून जातं. सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या मालमत्तेच्या चोरीला न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे ती उगाच नाही. आणि या सगळ्या साखळीत जिथे माल पैशात बदलतो ती जागा तुमचं दुकान आहे, म्हणून आधी तुमच्याकडे आले. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर २०१३ च्या कायद्यात धातूच्या भंगाराची खरेदी रोखीने करायलाच बंदी आहे. आपल्याकडे तशी बंदी नाही, पण विकणाऱ्याचं ओळखपत्र, गाडीचा नंबर, मालाचा फोटो आणि खात्यावरून पैसे, एवढं पुढे करायला तुम्हाला कायद्याची वाट पाहायची गरज नाही. जाळलेली कॉइल तर घेऊच नका.

'असले लोक' या शब्दांकडे एकदा परत येतो. तुम्ही कोणत्या समाजाबद्दल बोलता हे पत्रावरून कळतं. ज्या जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि ज्यांची त्यातून सुटका ३१ ऑगस्ट १९५२ ला झाली, त्यांच्या वस्त्यांवर अशा चोरीनंतर आजही सगळ्यांत आधी पोलिसांची गाडी जाते. चोरी एकाने केली असेल, चौकशी पालापालाची होते. कायदा माणसाला जबाबदार धरतो, जातीला नाही. पतींनी जबाबात त्या एका फेरीवाल्याबद्दल खरं ते सांगावं : किती वर्षांची ओळख, आधी काय माल आणायचा, त्या दिवशी काय म्हणाला. त्यापलीकडे एक शब्द नको.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. गुमास्ता नावावर आहे एवढ्याने तुम्ही आरोपी होत नाही, माल घेण्यात तुमचा प्रत्यक्ष भाग होता का ते पाहिलं जाईल. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर तुम्हाला ठाण्यात बोलावता येत नाही, तो घरी येऊन घ्यावा लागतो. फौजदारी काम करणारा वकील नोटिशीच्या तारखेआधी गाठा. तुमच्या स्वतःच्या बचावासाठी वकील लागला आणि परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळते. पतींच्या अर्जाला मात्र उत्पन्नाचा दाखला जोडावा लागेल, तो तहसील कार्यालयातून आजच मागून ठेवा.