खिशातले इअरप्लग

दांडिया बाजार, बडोदे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, धड बोलणं झालं नाही. म्हणून हे पत्र. इथून जवळच्या नंदेसरीच्या रसायन कारखान्यात मेडिकल ऑफिसरची जागा चालून आली आहे आणि तुझी आई विचारते, "एमबीबीएस होऊन पट्ट्याच बांधायच्या का?" बांधाव्या लागतील, तेही काम आहे.

आधी पोटापाण्याचं. एएफआयएचचा, म्हणजे कारखान्यातल्या आरोग्याचा, तीन महिन्यांचा कोर्स करून घे. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात त्याच्याशिवाय निभाव लागत नाही. मोठ्या कारखान्यांना पूर्णवेळ डॉक्टर लागतो, लहानांना ठरल्या दिवशी येणारा. पुढे चार-पाच प्लांटचं आरोग्य सांभाळणारं पद, सल्लागारी किंवा सरकारी कारखाना खातं, अशा वाटा आहेत. सुरुवातीचा पगार दवाखाना थाटलेल्या मित्रांपुढे सांगण्यासारखा नसेल. असो.

भोपाळ 1984 मध्ये घडलं आणि 1987 मध्ये 1948 च्या कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. घातक रसायनं हाताळणाऱ्याची तपासणी कामावर घेण्याआधी आणि नंतर 12 महिन्यांच्या आत पुन्हा, असं ठरलं. आता कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याच्या 2020 च्या संहितेने त्या कायद्याची जागा घेतली आहे. मात्र कायदा पाळूनही डॉक्टर निरुपयोगी ठरू शकतो. मी स्वतः ठरलो होतो.

माझ्या पहिल्या नोकरीत (कारखान्याचं नाव नको) कंप्रेसर हाऊसमधल्या (हवा दाबणारी गोंगाटी यंत्रं असतात ती जागा) तिघांच्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखात, 4000 हर्ट्झला सारखाच खड्डा दिसला, आवाजाने कान बिघडल्याची ती खूण. "इअरप्लग वापरावेत" असा शेरा मारला, सही ठोकली. पुढच्या वर्षी खड्डा आणखी खोल. रात्रपाळी संपवून थेट तपासणीला आले असतील, कान तात्पुरते बधिर असतील म्हणून पुन्हा, सुट्टीनंतर सकाळी शिफ्टच्या आधी बोलावलं. खड्डा तसाच. मग एकदाचा कंप्रेसर हाऊसमध्ये जाऊन उभा राहिलो. तिघांचेही प्लग खिशात होते. एक जण म्हणाला, "साहेब, प्लग नाखीए तो पाछळथी फोर्कलिफ्ट आवे ए संभळाय नहीं." (प्लग घातले तर मागून येणारी माल उचलायची गाडी ऐकू येत नाही.)

काय चुकत होतं त्याचं? कान जायला दहा वर्षं लागतील, फोर्कलिफ्ट आज अंगावर येणार. तिची वाट बदलायला हवी होती, कंप्रेसरभोवती आवाज अडवणारी भिंत हवी होती. औषधाच्या चिठ्ठीवर हे लिहून मिळत नाही. सेफ्टी कमिटीत प्लांट हेडशी वाद घालत दोन वर्षं काढली, तेव्हा मिळालं.

त्याच सुमारास मला सौम्यपणे सुचवण्यात आलं, "हे वयामुळे असेल, तसं लिहा ना." आवाजामुळे येणारं बहिरेपण कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, कळवायच्या रोगांच्या यादीत, आहे, ते कळवणं डॉक्टरचं कर्तव्य आहे. तू "वयामुळे" लिहिलंस की ईएसआयकडून (कामगार विमा) त्या माणसाला मिळायची भरपाई तिथेच अडते. तुझा पगार कंपनी देते हे खरं, त्यामुळे असे प्रसंग तुलाही येतील.

आणि कामगार तुझ्यापासूनही लपवेल. "अनफिट" शिक्का बसला की रोजी गेली, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. "दम लागतो का?" विचारलंस तर "ना साहेब" म्हणेल. "रविवारी बरं वाटतं का?" विचार. सुट्टीला मोकळा होणारा श्वास सोमवारी पुन्हा अडकत असेल, तर आधी त्याच्या कामाच्या जागी जाऊन ये. अॅनिलिन हे विषारी रसायन असेल तिथे ओठांचा रंग बघायची सवय लाव. निळसर झाक दिसली की चौकशी नंतर, आधी त्याला तिथून हलव.

मुलाखतीत पगाराबरोबर एक गोष्ट माग: कंत्राटी कामगारांचं आरोग्य रजिस्टर. कायम कामगारांचं चकचकीत फाईलमध्ये ठेवलेलं असतंच. दुसरं दाखवतात की "ते ठेकेदाराकडे असतं" म्हणतात, एवढं बघून ये. रविवारी इकडेच ये, सेव-उसळ खाताना ठरवू.

तुझा,
काका