ग्रामसभेत ‘दिलेला’ वाडा गावाचा होतो का?

प्रश्न : अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात जुना दुमजली वाडा आहे. मालकांपैकी थोरल्या काकांनी ग्रामसभेत ‘वाडा गावाला दिला’ असं जाहीर केलं, ठरावही झाला. आम्ही मुलांनी वर्गणी काढून अभ्यासिकेसाठी धाब्याची (सपाट मातीच्या छताची) माती उतरवली. आता काकांच्या पुण्यातल्या बहिणीने नोटीस पाठवलीय. नमुना आठवर नाव ग्रामपंचायतीचं आहे. काम चालू ठेवावं का?

उत्तर : भाऊ, काम आजच थांबवा. उघड्या छतावर ताडपत्री टाका, आहे त्या स्थितीचे फोटो काढा. उतरवलेल्या सागाच्या तुळया आणि कोरीव खांब मोजून, यादी करून आतच ठेवा. ‘लाकूड विकू, त्यात सिमेंट येईल’ म्हणणारा गावात एक तरी निघतोच. त्याचं ऐकू नका, ते लाकूड मालकांचं आहे.

काकांचा मोठेपणा खरा, पण कायद्यात तो पोचत नाही. स्थावर मिळकतीचं दान नोंदणीकृत दस्ताने आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांनीच होतं (मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, कलम १२३). ग्रामसभेचा ठराव त्याची जागा घेत नाही. नमुना आठ ही घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. शिवाय वाडा वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाचा असेल, तर बाकीच्यांच्या संमतीशिवाय काकांना स्वतःचा अविभक्त हिस्साही दान करता येत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. म्हणजे नोटीस पोकळ नाही.

आधी भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा, वारस कोण कोण ते पाहा. मग दान मागू नका, भाडेपट्टा मागा. वाडा कायमचा सोडायला बहिणी कचरतात, नाममात्र भाड्यावर तीस वर्षं द्यायला सहसा तयार होतात. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा पट्टा नोंदवावाच लागतो. मुदतीआधी वाडा परत घेतला तर डागडुजीचा खर्च कोण देणार, ते कलम त्यात हवंच. पट्टा मित्रमंडळाच्या नावावर होणार नाही. किमान सात जणांची संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदवा, वर्गणीचा हिशेबही तिच्या खात्यात राहील.

पुरातत्त्व खात्याची भीती कुणी घातली असेल, तर नुसता जुना म्हणून वाडा संरक्षित ठरत नाही, त्याला शासनाची अधिसूचना लागते. चांगदेवच्या मंदिरासारखं केंद्र-संरक्षित स्मारक शंभर मीटरच्या आत असतं, तर मात्र दुरुस्तीलाही परवानगी लागली असती.

नोटिशीला मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या. त्यात ‘वाडा ग्रामपंचायतीचा’ असं लिहू नका. काम थांबवलंय आणि सगळ्या हिस्सेदारांशी बोलायचंय, एवढंच कळवा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी येतातच, बैठक तेव्हाच ठेवा आणि पट्ट्याचा मसुदा आधी पुण्याला पाठवा.