चोळी, पोलके की झंपर?

जुन्या कौटुंबिक छायाचित्रांखाली मजकूर लिहिताना लुगड्यावरच्या शिवलेल्या वस्त्राला चोळी म्हणावे, पोलके म्हणावे की झंपर, आणि सरसकट ‘ब्लाउज’ लिहिले तर चालेल का, असा प्रश्न विचारला गेला आहे. माझ्या मते सरसकट ‘ब्लाउज’ लिहू नये, कारण त्याने छायाचित्रात डोळ्यांना स्पष्ट दिसणारा फरक शब्दांत पुसला जातो.

चोळीची मुख्य खूण म्हणजे गाठ. तिला बटणे नसतात. पुढची दोन टोके ओढून छातीखाली त्यांची गाठ मारतात. पदरामुळे गाठ झाकली गेली असेल तर बाही पाहावी. चोळी बहुधा खणाची असे, आणि गुळेदगुड्डसारख्या गावी विणलेल्या त्या कापडाचे काठ बाहीच्या कडेला यावेत अशा बेताने ते बेतले जाई. त्यामुळे दंडावर घट्ट बसलेली काठाची पट्टी जुन्या, पुसट झालेल्या छायाचित्रातही ओळखू येते. एका चोळीपुरत्या तुकड्यालाच खण म्हणत असल्याने ओटी खणानारळाची झाली, आणि आज प्रत्यक्षात ब्लाउजपीस दिला तरी आपण ‘साडीचोळी केली’ असेच म्हणतो.

पोलक्याला पुढे बटणे असतात, ते पोट झाकते आणि मुलींच्या पोशाखात परकराशी त्याची जोडी इतकी पक्की आहे की ‘परकर-पोलके’ हा जोडशब्दच झाला. झंपर हे इंग्रजी ‘जंपर’चे मराठी रूप, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या छायाचित्रांत दिसणाऱ्या सैलसर, कमरेपर्यंत येणाऱ्या वस्त्राला ते शोभते. मात्र पोलके आणि झंपर यांतली सीमा घरोघर बदलत असे, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायका जो शब्द वापरत आल्या असतील तोच ठेवावा. गोल पाचवारी साडीवरच्या, अंगासरशी शिवलेल्या वस्त्राला ब्लाउज म्हणण्यास माझी काहीच हरकत नाही.

या शब्दांवरून छायाचित्राचा काळ ठरवण्याची घाई मात्र करू नये. एकाच छायाचित्रात सासू गाठीच्या चोळीत आणि सून बटणांच्या पोलक्यात बसलेली आढळते, कारण वयस्क बायकांनी अंगवळणी पडलेला पोशाख सहसा बदलला नाही.

रंगाबद्दल तर अधिकच जपून लिहावे. एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांच्या काचांवरील रसायनाला निळा प्रकाश चटकन कळे, तांबडा जवळजवळ कळतच नसे; परिणामी तांबडे लुगडे काळे उमटे, निळे फिकट दिसे, आणि कपाळावरचे कुंकूही काळेच दिसते. त्यामुळे अशा छायाचित्राखाली ‘काळी चंद्रकळा’ असे लिहिण्याऐवजी, घरातून रंगाची खात्री झाली नसेल तर, ‘गडद रंगाचे नऊवारी लुगडे आणि खणाची चोळी’ एवढेच लिहावे.