वाचकांचे प्रश्न: चोकची मूठ का तापते?

जुन्या ब्रिटिश मोटारींच्या वीजव्यवस्थेविषयी आलेली काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. गाड्या वेगवेगळ्या असल्या, तरी दुखणी बरीचशी एकाच घराण्यातली आहेत.

प्रश्न: माझ्याकडे १९६४ सालची एमजीबी आहे. रात्री पुढचे दिवे पिवळट जळतात आणि गाडी खड्ड्यातून गेली की लुकलुकतात. सकाळी गाडी सुरू करताना इंजिन जड फिरते आणि त्याच वेळी चोकची मूठ चटका बसेल इतकी तापते. बॅटऱ्या नव्या घातल्या, बल्ब बदलले, तरीही फरक पडला नाही. ज्यांना गाडी दाखवली ते म्हणाले, ‘हा ल्युकासचा (मोटारींचे वीजसामान बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचा) माल असाच असतो, सगळा काढून नवा बसवा.’ तसे करावे काय?

उत्तर: निदान अजून काहीही काढू नका. दुखण्याचे नाव आपणच पत्रात लिहिले आहे, ते चोकच्या मुठीत आहे.

या गाडीत बॅटरीपासून प्रत्येक उपकरणापर्यंत वीज तारेने जाते, परंतु परतताना ती गाडीच्या पत्र्यातून येते. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते पत्र्यापासून तुटलेले असते. हा दुवा जोडण्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स आणि बॉडी यांच्यामध्ये विणलेल्या तांब्याची एक जाड पट्टी असते. कधीतरी गिअरबॉक्स उतरवताना ती सोडली जाते आणि पुन्हा लावायची राहते, किंवा तिच्या बोल्टखाली गंज आणि रंग साचतो. अशा वेळी स्टार्टरला लागणारे शंभराहून अधिक अँपिअर परतीची दुसरी वाट शोधतात आणि कार्ब्युरेटरपासून डॅशबोर्डपर्यंत गेलेली चोकची पोलादी केबल ही त्यांना सापडणारी सोयीची वाट असते. एवढ्या प्रवाहासाठी ती केबल म्हणजे शेगडीची तारच. पट्टी तातडीने तपासा, कारण चोकच्या केबलमधून धूर निघाल्याची उदाहरणे काही थोडीथोडकी नाहीत.

खात्री करून घेण्यासाठी साधा मल्टिमीटर पुरे. तो डीसी २० व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या अर्थ केलेल्या (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या) खांबावर, म्हणजे टर्मिनलच्या क्लॅम्पवर नव्हे तर थेट शिशाच्या खांबावर टेकवा आणि दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर धरा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची (प्लगच्या ठिणगीसाठी दाब वाढवणाऱ्या गुंडाळीची) तार काढा आणि मदतनिसाला स्टार्टर फिरवायला सांगा. मीटरवर अर्ध्या व्होल्टच्या आतला आकडा दिसला तर परतीची वाट ठीक आहे. आपल्या गाडीत तो दोन-तीन व्होल्टच्या घरात निघाला तर मला नवल वाटणार नाही. हीच चाचणी दिवे लावून, दुसरे टोक हेडलॅम्पच्या अर्थच्या तारेवर धरून करा. तिथे ०.२ व्होल्टहून जास्त दिसता कामा नये.

इतक्या छोट्या आकड्यांना महत्त्व का द्यायचे, असे वाटू शकेल. साध्या फिलामेंटच्या बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळाले, तर त्याचा प्रकाश दहा नव्हे, सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. अर्थच्या बोल्टखाली अर्धा व्होल्ट, स्विचमध्ये अर्धा व्होल्ट आणि मधल्या जोडांत थोडा थोडा असा हिशेब झाला की, नवा बल्बही मेणबत्तीसारखा दिसतो.

मधले जोड म्हणजे बुलेट कनेक्टर. तारेच्या टोकाला बंदुकीच्या गोळीसारखा दिसणारा पितळी तुकडा असतो आणि तो रबरी वेष्टणातल्या धातूच्या नळीत दाबून बसवलेला असतो. नवा असताना हा जोड उत्तम काम करतो. पण पन्नास-साठ वर्षांत रबर कडक होऊन तडकते, पाणी आत शिरते, नळीची पकड सैल होते आणि पितळेवर काळसर-हिरवट थर चढतो. खड्ड्यात दिवे लुकलुकण्याचे कारण बहुधा रेडिएटरजवळच्या अशाच एखाद्या जोडात सापडेल. दिवे लावून एकेक जोड बोटांनी हलवत जा, गुन्हेगार स्वतःच डोळे मिचकावेल. सापडल्यावर नुसते दाबून पुढे जाऊ नका. नळी नवी घाला आणि बुलेट बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा. अर्थच्या बोल्टखालचा रंग धातू दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा आणि त्यानंतर वरून व्हॅसलिन लावा. हा क्रम उलटा करू नये. आधी व्हॅसलिन लावणारे मी पाहिले आहेत आणि त्यात मीही एकदा होतो.

आपल्या गाडीत सीटांच्या मागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मालिकेत जोडलेल्या असतात. त्यांना जोडणारी केबल रस्त्यावरच्या चिखलाच्या माऱ्यात असते आणि कुणाच्या नजरेस पडत नाही. तिची दोन्ही टोके याच निमित्ताने उघडून पाहावीत. एवढे झाल्यावर हेडलॅम्पसाठी रिले (छोट्या प्रवाहाने चालणारा विद्युत खटका) बसवणे उपयोगी ठरेल, म्हणजे दिव्यांचा पूर्ण प्रवाह साठ वर्षांच्या स्विचमधून जाणार नाही.

राहिला ल्युकासच्या मालाचा प्रश्न. बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्युकास यांच्या कारखान्याने एकोणिसाव्या शतकात ‘किंग ऑफ द रोड’ या नावाचे दिवे विकले आणि पुढे त्याच नावाला थट्टेने ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’ म्हणण्याची प्रथा पडली. विनोद चांगला आहे, पण त्यावर विसंबून खरेदीची यादी करू नये. त्या काळी किमतीचा हिशेब करून बनवलेल्या या वस्तू ठरावीक काळाने उघडून साफ केल्या जातील, असे गृहीत धरलेले होते. ते गृहीतक मालकांनी मोडले.

प्रश्न: माझ्या गाडीला डायनॅमो (बॅटरी भरणारे जुन्या पद्धतीचे जनित्र) आहे. रात्री रहदारीत थांबल्यावर चार्जिंगचा तांबडा दिवा मंद पेटतो आणि तासाभरात बॅटरी उतरते. त्याजागी नव्या पद्धतीचे जनित्र, म्हणजे अल्टरनेटर, बसवावा काय?

उत्तर: तांबडा दिवा इंजिन मंद चालताना लुकलुकणे हा डायनॅमोचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. डायनॅमोचा वेग पुरेसा झाल्याशिवाय कटआउट नावाचा आपोआप चालणारा खटका त्याला बॅटरीशी जोडतच नाही, त्यामुळे तोवर सगळा भार बॅटरी उचलते.

हिशेब करून पाहा. ल्युकासचा सी-४० हा सर्वत्र आढळणारा डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो आणि तेही इंजिन चांगल्या वेगात असताना. डिपवर असलेले दोन हेडलॅम्प सुमारे ८ अँपिअर घेतात, बाजूचे आणि मागचे दिवे मिळून दोन-अडीच, इग्निशन तीन-चार, वायपर तीनेक आणि हीटरचा पंखा तितकाच. बेरीज विसाच्या आसपास जाते. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर गणित जेमतेम जुळते आणि सिग्नलला थांबलात की तोटा सुरू होतो.

निर्णयापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पट्ट्याच्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबल्यास तो अर्धा इंच दबावा, अधिक नको. डायनॅमोचे कार्बन ब्रश झिजले आहेत का आणि ब्रश ज्यावर घासतात तो कॉम्युटेटर काळा पडला आहे का, तेही बघा. मागच्या बाजूला तेलाचे एक छोटे छिद्र असते, त्यात दर सर्व्हिसला इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब घालायचे असतात. बहुतेक डायनॅमोंचे मागचे बुश हे छिद्र कुणाला माहीत नसल्यामुळेच मरते. जास्त तेलही घालू नये, ते ब्रशपर्यंत पोहोचते.

एवढे करूनही आपली गाडी मुख्यतः रात्रीच्या रहदारीतच चालत असेल, तर अल्टरनेटर बसवण्यात कमीपणा नाही. रविवारी सकाळी फिरवण्याच्या गाडीला मात्र त्याची गरज मला दिसत नाही.

प्रश्न: बॅटरीचा धन ध्रुव बॉडीला जोडलेला आहे. तो उलटवून ऋण ध्रुव अर्थ करणे सुरक्षित आहे का? नुसत्या बॅटरीच्या तारा बदलल्या की झाले, असे एकाने सांगितले.

उत्तर: सुरक्षित आहे, पण नुसत्या तारा बदलून भागत नाही. धन ध्रुव अर्थ करण्याची पद्धत ब्रिटिश गाड्यांत साठच्या दशकापर्यंत रूढ होती. एमजीबीमध्ये ती १९६७ साली अल्टरनेटरसोबत संपली.

बॅटरी उलटवल्यावर सर्वांत आधी डायनॅमोला नवी दिशा शिकवावी लागते. त्याच्या डी आणि एफ या टर्मिनलवरच्या तारा काढून, बॅटरीच्या अर्थ नसलेल्या खांबाकडून आणलेली तार एफ टर्मिनलला क्षणभर दोन-तीन वेळा टेकवायची. बारीक ठिणगी उडेल, तेवढे पुरे. हे न करता इंजिन सुरू केले, तर डायनॅमो जुन्याच दिशेने वीज निर्माण करील आणि कटआउटचे काँटॅक्ट चिकटून जळू शकतील.

दुसरे काम कॉइलचे. जुन्या कॉइलवर एसडब्ल्यू आणि सीबी अशी अक्षरे असतात, त्यांच्या तारांची अदलाबदल करा. न केल्यास गाडी चालेल, पण प्लगच्या मधल्या तापलेल्या टोकाला ऋण दाब मिळणार नाही, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागेल आणि इंजिन जोर लावताना चुकेल. अँपिअरमीटर असल्यास त्याच्याही तारा बदला.

स्टार्टर, दिवे, हॉर्न यांना दिशेशी देणेघेणे नसते. इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर), रेडिओ, इलेक्ट्रॉनिक इग्निशन यांना मात्र ते असते आणि चुकीच्या दिशेने जोडल्यास ते पहिल्याच सेकंदाला जातात. टॅकोमीटर आतून बदलून घ्यावा लागतो. शेवटी, बॉनेटखाली ठळक अक्षरांत एक चिठ्ठी चिकटवा. पुढे कधीतरी जंप केबल घेऊन मदतीला येणारा भला माणूस गाडीचे साल पाहूनच तारा जोडील.

प्रश्न: माझी जुनी मिनी पावसात बंद पडते आणि तासाभराने निमूट सुरू होते.

उत्तर: १९५९ साली आलेल्या या गाडीत इंजिन आडवे आहे आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगना पाळीपाळीने वीज वाटणारा भाग) थेट पुढच्या जाळीमागे येतो, म्हणून समोरचा पाऊस त्याच्यावरच फवारला जातो. अंधारात बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, प्लगच्या तारांवर आणि कॅपवर पाण्याचा हलका तुषार मारा. हात दूर ठेवा. जिथे निळसर ठिणग्या सरपटताना दिसतील, तिथून वीज गळते आहे. तारा आणि कॅप नव्या घाला, कॅपवर रबरी आच्छादन बसवा आणि जाळीमागे प्लास्टिकचा आडोसा करा.

बदलायच्या भागांविषयी एक सूचना आहे. हल्ली मिळणाऱ्या नकली रोटर आर्ममध्ये (डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणाऱ्या तुकड्यात) पत्ती रिव्हेटने बसवलेली असते आणि त्या रिव्हेटमधून ठिणगी आतल्या दांड्याकडे पळण्याचे प्रकार होतात. जुना, चालणारा रोटर, कंडेन्सर आणि पॉइंटचा जोड फेकू नका, डिकीत एका डबीत ठेवा.

प्रश्न: पेट्रोल आणि तापमान, दोन्ही काटे एकाच वेळी वर चढून बसले आहेत. दोन्ही मीटर बदलू का?

उत्तर: नको. डॅशबोर्डमागे व्होल्टेज स्टॅबिलायझर नावाची एक छोटी डबी असते, जी दोन्ही मीटरना सरासरी दहा व्होल्ट पुरवते. तिचे अर्थिंग सुटले की दोन्ही काटे एकदम चढतात. तिच्या बुडाचा स्क्रू खरवडून आवळा.

प्रश्न: गाडीत ३५ अँपिअरचे फ्यूज आहेत. तेवढ्याच आकड्याचे आधुनिक फ्यूज घातले. शिवाय आता संपूर्ण वायरिंग बदलायचा सल्ला मिळाला आहे. आपले मत काय?

उत्तर: फ्यूज आजच बदला. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवरचा आकडा तो वितळण्याचा असतो. सतत वाहता येणारा प्रवाह त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे १७ अँपिअर असतो. आधुनिक फ्यूजवरचा आकडा सतत वाहण्याचा असतो. म्हणजे आपण नकळत संरक्षण निम्म्याने कमी केले आहे. त्यातून हेडलॅम्प, इग्निशन आणि चार्जिंग यांना या गाड्यांत बहुधा फ्यूजच नसतो. तपकिरी तारा थेट बॅटरीकडून येतात आणि त्यांचे वेष्टण कुठे घासले, तर थांबवणारे काही नसते. म्हणून बॅटरीजवळ एक खटका बसवावा आणि गाडी उभी करून जाताना तो बंद करावा.

वायरिंगचे उत्तर तारेला हात लावल्याशिवाय देता येत नाही. पन्नासच्या दशकातल्या कापडी वेष्टणाच्या तारा वाकवल्यावर आतले रबर पिठासारखे गळत असेल, तर संपूर्ण हार्नेस (तारांचा जुडगा) बदलणेच शहाणपणाचे. प्लास्टिकच्या वेष्टणाच्या तारा मात्र लवचीक असतील, तर त्यांना हात लावू नका. त्यांच्यात अधूनमधून घुसवलेले निळे क्लिप, चिकटपट्टी गुंडाळलेले जोड आणि कुणीतरी कधीतरी रेडिओसाठी ओढलेली लाल तार काढा.

त्यासाठी रंगांची भाषा येणे पुरेसे आहे. तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, पांढरी म्हणजे इग्निशन, हिरवी म्हणजे इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, जांभळी म्हणजे फ्यूजमधून पण कायम चालू, निळी हेडलॅम्पची, लाल बाजूच्या दिव्यांची आणि काळी अर्थची. या यादीत न बसणारी तार दिसली, की ती कारखान्यातून आलेली आहे की नंतर कुणी घातलेली, हे पाहण्यासाठी तिचा उगम शोधा. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची अर्थची तार आधी सोडा आणि शेवटी जोडा.