वाचकांचे प्रश्न : जवळचं केंद्र की लांबचं रुग्णालय?

खेड्यापाड्यांतून आलेल्या पत्रांत एकच अडचण वेगवेगळ्या रूपांत दिसते: पेशंटला आधी कुठे न्यायचं? चुकीच्या दारात गेलेला तास परत मिळत नाही. म्हणून या वेळी त्याच प्रश्नांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : आमची वाडी डोंगरात आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र ९ किलोमीटरवर, ग्रामीण रुग्णालय ३० किलोमीटरवर. साप चावला तर थेट तालुक्याला न्यावं का? (रायगड जिल्हा)

आधी जवळच्या केंद्रात न्या, पण निघता निघता फोन करा. फोनवर तीनच गोष्टी विचारा: डॉक्टर आत्ता हजर आहेत का, सर्पदंशाच्या लसीच्या किती कुप्या आहेत, ऑक्सिजन आणि अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आहे का. डॉक्टर नसतील तर तिथे थांबू नका, पुढे चला. डॉक्टर आहेत पण कुप्या कमी आहेत, अशा वेळी मात्र थांबण्यात फायदा असतो. नाग किंवा मण्यार चावला असेल तर माणूस दगावतो तो श्वासाचे स्नायू लुळे पडून. अँब्यू बॅगने श्वास देत देत त्याला पुढच्या रुग्णालयापर्यंत जिवंत नेता येतं. जीपमध्ये नुसतं झोपवून नेलं तर ते जमत नाही.

लसीची पहिली मात्रा साधारण ८ ते १० कुप्यांची असते, प्रत्येक कुपी १० मिलिलिटरची. लहान मुलालाही तेवढीच लागते, कारण साप मुलाच्या अंगात विष कमी सोडत नाही. ‘पोर लहान आहे, दोन कुप्या पुरे’ असं कुणी म्हणालं तर पुढच्या रुग्णालयात नेण्याची तयारी ठेवा. या लसीची जोरदार रिॲक्शन येऊ शकते. ती आवरायला ॲड्रेनलिन हाताशी लागतं, म्हणून ही लस घरी किंवा साध्या खाजगी खोलीत टोचून घेऊ नये.

निघण्यापूर्वी घरच्यांनी एवढं करावं. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण काढा, कारण सूज आली की ते मांसात रुततात. चावलेला हात किंवा पाय बांबूच्या कामटीला सैलसर बांधून हलू देऊ नका. पेशंटला चालवू नका. मोटारसायकलच असेल तर त्याला मध्ये बसवून मागे तिसऱ्याने धरावं. उलट्या होत असतील, लाळ गळत असेल तर डाव्या कुशीवर झोपवून न्या. चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका, चुना-हळद लावू नका. दोरीने आवळू नका: घोणस-फुरश्याच्या विषाने तिथलं मांस आधीच सडत असतं, आवळल्याने ते आणखी लवकर सडतं. कुणी आधीच आवळलं असेल तर वाटेत सोडू नका. अडलेलं विष एकदम अंगभर जातं, म्हणून ते डॉक्टरांसमोर, लस तयार असताना सोडायचं. साप मारून आणण्याची गरज नाही. लांबून मोबाइलवर फोटो निघाला तर पुरे, नाही निघाला तरी उपचार अडत नाहीत. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरही चालते.

केंद्रात रक्ताची एक साधी चाचणी होते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोनेक मिलिलिटर रक्त घेऊन ती २० मिनिटं न हलवता ठेवायची आणि मग हलकेच तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरश्याचं विष भिनलंय. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर चाचणी फसते. पहिली चाचणी ठीक आली तरी २४ तास देखरेखीखाली राहा. ‘बरं वाटतंय’ म्हणून रात्रीच घरी परतणं धोक्याचं असतं.

मण्यारीबद्दल वेगळं लिहायलाच हवं. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, घास गिळता येत नाही. घरचे पित्ताची गोळी देतात आणि तिथेच वेळ जातो. जमिनीवर झोपलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखू लागलं आणि पापण्या उतरल्या, तर साप पाहिला नसला तरी सर्पदंशच समजून निघा.

प्रश्न : १०८ आणि १०२ यांत फरक काय?

१०८ कुठल्याही तातडीच्या प्रसंगाला: अपघात, छातीत दुखणं, सर्पदंश, बाळंतपणातला रक्तस्राव. महाराष्ट्रात या गाडीत डॉक्टर असतो. १०२ गरोदर स्त्री, बाळंतीण आणि आजारी तान्ह्या बाळासाठी, आणि ती घरी परतही सोडते. फोनवर गावाच्या नावासोबत तालुका आणि रस्त्यावरची ओळखीची खूण सांगा, कारण एकाच नावाची गावं पुष्कळ असतात. रेंज येते त्या जागी एक माणूस उभा ठेवा. गाडीला वेळ लागणार असेल तर वाट पाहत बसण्यापेक्षा खाजगी गाडीने निघून वाटेत भेट ठरवणं चांगलं.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीच्या गालाला कुत्रा चावला. केंद्रात लस दिली, पण सीरमसाठी मोठ्या रुग्णालयात जा म्हणाले. लस दिली ना, मग पुन्हा कशाला जायचं? (बीड जिल्हा)

जा, आणि आजच जा. लसीमुळे शरीर स्वतःची प्रतिकारशक्ती तयार करतं, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. चेहऱ्यावरच्या जखमेपासून मेंदू जवळ असतो. मधल्या दिवसांत रेबीजच्या विषाणूला जखमेतच अडवण्याचं काम सीरम, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, करतं. म्हणून रक्त आलेल्या प्रत्येक चाव्याला ते लागतं. ते एकदाच, पहिल्या लसीच्या दिवशी द्यायचं. राहिलं असेल तर पहिल्या लसीपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं, त्यानंतर उपयोग नाही. घोड्याच्या रक्तापासून बनवलेल्या सीरमची मात्रा वजनाच्या किलोमागे ४० युनिट, मानवी सीरमची २०. तुमची मुलगी २० किलोची असेल तर घोड्याचं ८०० युनिट. ते जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. नुसतं कमरेत टोचून मोकळे होत असतील तर ‘जखमेत द्या’ असं सांगा.

लसीच्या तारखा चुकवू नका. पहिल्या लसीचा दिवस म्हणजे ० धरा. कातडीत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दोन्ही दंडांवर. स्नायूत दिली जाणारी ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. दवाखाना बदलला तर कार्ड दाखवा, म्हणजे पद्धतीची सरमिसळ होणार नाही. चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक असू द्या. तिखट, चुना, तेल काहीही लावू नका. टाके लगेच घालू देऊ नका. मांजर, माकड, कोल्हा, मुंगूस चावलं तरी हेच.

प्रश्न : वडिलांना इन्सुलिन सुरू आहे. उन्हाळ्यात दिवसाचे आठ तास वीज नसते. फ्रिज उपयोगाचा नाही. काय करावं? (यवतमाळ जिल्हा)

वापरात असलेल्या कुपीला फ्रिज लागतच नाही, पण ४० अंशांच्या उन्हाळ्यात तिला गारवा हवा. दोन मातीची मडकी घ्या, लहान मडकं मोठ्यात ठेवा, मधल्या जागेत वाळू भरून ती दिवसातून दोनदा ओली करा. कुपी घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा, वर ओलं फडकं. मडकं सावलीत आणि वारा लागेल तिथे हवं. तुमच्या कोरड्या हवेत हे उत्तम चालतं. पावसाळ्यात पाणी उडत नाही म्हणून गारवाही कमी, पण तेव्हा हवाच थंड असते. कुपीवर फोडल्याची तारीख लिहा आणि २८ दिवसांनंतर उरलेलं टाकून द्या. बर्फाला चिकटवून कधीच ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

सिरिंज मात्र नीट तपासा. आपल्याकडे कुपी बहुधा ४० युनिटची (म्हणजे मिलिलिटरला ४० युनिट) असते, तिला लाल टोपणाची सिरिंज. नारिंगी टोपणाची १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीच पट डोस जातो आणि साखर घसरून माणूस बेशुद्ध पडतो. दुकानदाराने कुपी बदलून दिली की लेबल वाचल्याशिवाय टोचू नका.

प्रश्न : सुनेची तारीख ऑगस्टमधली आहे, तेव्हा ओढ्याला पूर आला की गाव तुटतं. (नंदुरबार जिल्हा)

तारखेच्या आधीच हलवा. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघर आहे, तिथे गरोदर बाईला सोबतीसह राहता येतं. आशाताईंकडून आत्ताच नाव नोंदवून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, तीही करून घ्या. आधीचं सिझेरियन, जुळं, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त, हिमोग्लोबिन ७ च्या खाली, यांतलं एकही असेल तर माहेरघरही नको. शस्त्रक्रिया आणि रक्त दोन्ही मिळतं अशा उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाच्या गावीच मुक्काम हलवा. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधं, रक्त आणि जेवण मोफत आहे. जेवण साध्या बाळंतपणाला ३ दिवस, सिझेरियनला ७ दिवस मिळतं. माता-बाल संरक्षण कार्ड, आधार आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत बांधून जुलैतच बाजूला ठेवा.