रोज संध्याकाळी डाउन, रोज सकाळी अप

प्रश्न: आमच्याकडे पंधरा जण काम करतात. बिलं आणि साठ्याच्या नोंदींसाठी एकाच सर्व्हरवर डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्राम आपापल्या ‘कंटेनर’मध्ये, म्हणजे वेगळ्या डब्यात, चालवणारं साधन) ओडू हे व्यवसायाचं सॉफ्टवेअर बसवलं आहे, सोबत पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि एचटीटीपीएससाठी, म्हणजे सुरक्षित जोडणीसाठी, ट्रॅफिक नावाचा प्रोग्राम. मी मूळचा हिशेबाचा माणूस. कंपोज फाइल (कुठले कंटेनर कसे चालवायचे ते सांगणारी) इकडून तिकडून जमवली, ती सोबत पाठवतो. रोज संध्याकाळी ‘डाउन’ करून जातो, सकाळी ‘अप’ करतो. दीड आठवडा छान चाललं. रोज सकाळी सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावं लागायचं, तेवढं चालवून घेतलं. शनिवारी सेटिंग बदलताना चार-पाच वेळा डाउन-अप केलं आणि ब्राउझर साइट असुरक्षित म्हणू लागला. त्याच दिवशी कळलं, की वस्तूंचे फोटो आणि बिलांना जोडलेल्या पीडीएफ उघडत नाहीत. नोंदी मात्र जागेवर आहेत. कुणी सर्व्हर हॅक केला असेल का? आणि आता अनेक सर्व्हरवरचे कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीस शिकायला घेऊ का?
– हिशेबातला एक वाचक

उत्तर: हॅक वगैरे काही नाही. आणि सर्वांत आधी एक विनंती: ‘प्रून’ हा शब्द असलेली कुठलीही आज्ञा तूर्त चालवू नका. तुमच्या पीडीएफ बहुधा अजून त्याच डिस्कवर पडून आहेत.

लॉगिन, सर्टिफिकेट (ते खरं नसलं की ब्राउझर साइट असुरक्षित म्हणतो) आणि फोटो अशी तीन दुखणी तुम्ही वेगवेगळी मांडलीत, पण तिन्हींचं मूळ ते संध्याकाळचं ‘डाउन’. तुम्ही त्याला दुकानाचं शटर ओढण्यासारखं समजलात. ‘डाउन’ कंटेनर बंद करून थांबत नाही, तो मोडून टाकतं. सकाळी उभा राहतो तो कोरा, नवा कंटेनर. जुन्याच्या पोटात जे लिहिलं होतं ते त्याच्याबरोबर गेलं. नव्याच्या हाती येतं फक्त नाव दिलेल्या व्हॉल्यूममध्ये (डॉकरने कंटेनरबाहेर राखलेल्या साठ्याच्या जागेत) ठेवलेलं, किंवा सर्व्हरच्या फोल्डरला जोडलेलं. तुमच्या फाइलमध्ये पोस्टग्रेसला असं व्हॉल्यूम आहे, म्हणून नोंदी वाचल्या. ओडूला नाही आणि ट्रॅफिकलाही नाही.

सर्टिफिकेटचं आधी बघू. पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावरून सर्टिफिकेट उघडलंत तर तुमच्या डोमेनऐवजी ‘ट्रॅफिक डिफॉल्ट सर्ट’ असं नाव दिसेल. खरं सर्टिफिकेट हाती नसलं की ट्रॅफिक आपलं घरगुती पुढे करतो. खरं न मिळण्याचं कारण त्याच्या लॉगमध्ये ४२९ (‘फार विनंत्या झाल्या’) या आकड्याशेजारी असेल. लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेटं देणारी सेवा एकाच नावासाठी सात दिवसांत जास्तीत जास्त ५ देते. हिशेब तुमच्याच भाषेत सांगते: सुरुवातीची शिल्लक ५, दर ३४ तासांनी १ जमा, ५ च्या वर शिल्लक साठत नाही. कोरा ट्रॅफिक दर वेळी नवं सर्टिफिकेट मागतो, म्हणजे तुम्ही दर २४ तासांनी १ उचलत होता, म्हणून दीड आठवडा निभावलं. शनिवारी खातं रिकामं झालं. पुढचं कधी मिळेल ती वेळ त्याच त्रुटीच्या ओळीत लिहिलेली असते. जुनी सर्टिफिकेटं रद्द करून शिल्लक वाढत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

तोवर हे करा. सर्व्हरवर ‘एक्मे डॉट जेसन’ नावाची रिकामी फाइल (ट्रॅफिक सर्टिफिकेटं हिच्यातच जपतो) स्वतः तयार करा, तिला ६०० परवानगी (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) द्या आणि मगच ती ट्रॅफिकच्या कंटेनरला जोडा. क्रम महत्त्वाचा. फाइल आधी नसेल तर डॉकर मुकाट्याने त्या नावाचं फोल्डर बनवून ठेवतो, आणि मग आपण अर्धा दिवस डोकं खाजवत बसतो. परवानगी ६०० पेक्षा सैल असेल तर ट्रॅफिक ती फाइल वापरायला नकार देतो. यापुढे सेटिंगचे प्रयोग लेट्स एन्क्रिप्टच्या स्टेजिंग, म्हणजे चाचणीच्या, सर्व्हरवर करा; तिथली मर्यादा बरीच सैल आहे. खऱ्यावर परतताना मात्र ती फाइल रिकामी करायला विसरू नका, नाहीतर तपासणीचं सर्टिफिकेटच मिरवत राहाल. आणि ८० क्रमांकाचा पोर्ट बंद करू नका. तुमच्या फाइलमध्ये डोमेन तुमचंच असल्याची पडताळणी त्याच दाराने होते.

आता पीडीएफ. ओडू जोडलेल्या फाइली डेटाबेसमध्ये नाही, /व्हार/लिब/ओडू या फोल्डरमध्ये ठेवतो. लॉगिनची सत्रंही तिथेच असतात, म्हणून ते रोज सकाळचं लॉगिन. (सर्व्हरने तुम्हाला पहिल्याच दिवशी खूण दिली होती. चालवून घेतलेल्या गोष्टीच पुढे नडतात, हे मी वीस वेळा अनुभवून विसाव्यांदाही विसरते.) ओडूच्या अधिकृत इमेजमध्ये (ज्या साच्यावरून कंटेनर बनतो त्यात) हे फोल्डर व्हॉल्यूम म्हणून आधीच जाहीर केलेलं आहे. तुम्ही नाव दिलं नाहीत, तर डॉकर स्वतः एक निनावी व्हॉल्यूम बनवतो. ‘डाउन’ने कंटेनर जातो; निनावी व्हॉल्यूम मागे राहतं, फक्त त्याला कुणी वाली उरत नाही.

‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’ चालवा. ६४ अक्षरांची, आकडे आणि अक्षरं कालवल्यासारखी नावं रांगेने दिसतील. ‘इन्स्पेक्ट’ केलंत की प्रत्येकाची तारीख आणि जागा कळेल. ज्यांत ‘फाइलस्टोअर’ फोल्डर आहे ती ओडूची. त्याच्या आत तुमच्या डेटाबेसच्या नावाचं फोल्डर, आणि त्यात दोन-दोन अक्षरी नावांची पुष्कळ फोल्डरं. सोमवारच्या पीडीएफ एका व्हॉल्यूममध्ये, मंगळवारच्या दुसऱ्यात, अशी विभागणी झाली असेल. पण ओडू प्रत्येक फाइलला तिच्या मजकुरावरून काढलेलं नाव देतो. नाव तेच तर मजकूरही तोच. म्हणून सगळ्या व्हॉल्यूममधली फाइलस्टोअर एकावर एक ओतली तरी काही बिघडत नाही. नाव दिलेलं नवं व्हॉल्यूम /व्हार/लिब/ओडूला जोडा, त्यात हे सगळं ओता, मालकी कंटेनरमधल्या ओडू वापरकर्त्याच्या नावे करा. आता सुरुवातीची विनंती कळली असेल: ‘व्हॉल्यूम प्रून’ आधी नेमकी ही निनावी व्हॉल्यूमंच झाडून काढतं.

खरं तर सेटिंग बदलल्यावर ‘डाउन’ लागतच नाही. नुसतं ‘अप’ केलं तरी कंपोज बदललेला कंटेनर पुन्हा बांधतं, आणि तसं करताना निनावी व्हॉल्यूमही नव्याला जोडून देतं. रात्री बंदच करायचं असेल तर ‘स्टॉप’ आहे. ‘डाउन’ला ‘उणे व्ही’ तर कधीच लावू नका. मी लावलं होतं. बऱ्याच आज्ञांमध्ये त्याचा अर्थ ‘सविस्तर सांग’ असा असतो, तसाच इथे असेल असं धरून चालले. इथे त्याचा अर्थ ‘व्हॉल्यूमही उडव’. नाव दिलेलं डेटाबेसचं व्हॉल्यूम दोन सेकंदांत गेलं. आदल्या रात्रीचा पीजी-डंप (पोस्टग्रेसमधून काढलेली नोंदींची प्रत) होता, म्हणून बारा तासांच्या नोंदी पुन्हा घालण्यावर भागलं. तुम्हीही रात्री डंप आणि फाइलस्टोअर दोन्ही घ्या आणि दुसऱ्या यंत्रावर ठेवा. चालू पोस्टग्रेसच्या फाइली नुसत्या कॉपी केल्या तर तो बॅकअप म्हणून भरवशाचा नाही.

न विचारलेलं एक. तुमच्या फाइलमध्ये पोस्टग्रेसचा ५४३२ पोर्ट बाहेर उघडला आहे. तुम्ही यूएफडब्ल्यू या फायरवॉलने तो बंद केला असेल, पण डॉकर आपले नियम थेट लिनक्सच्या आयपी-टेबल्समध्ये लिहितो आणि यूएफडब्ल्यूला विचारतही नाही. पोर्ट जगाला उघडाच आहे. ओडूला पोस्टग्रेसशी बोलायला त्या ओळीची गरज नाही, आतलं नेटवर्क पुरतं. ती काढून टाका. तुम्हाला स्वतःला लागत असेल तर पोर्टच्या आकड्याआधी १२७.०.०.१ (म्हणजे फक्त हाच सर्व्हर) लावा आणि एसएसएचच्या, म्हणजे सुरक्षित दूरजोडणीच्या, बोगद्याने या.

कुबरनेटीस नको. पंधरा जणांना एक सर्व्हर पुरतो.

प्रश्न: विकतचं सर्टिफिकेट जास्त सुरक्षित असतं का?
– एक वाचक

उत्तर: नाही, जोडणी तितकीच बंदिस्त असते. लेट्स एन्क्रिप्टचं साधारणपणे ९० दिवस चालतं, विकतचं सध्या त्याहून जास्त, पण तेही आखडत चाललं आहे: १५ मार्च २०२९ पासून कुठलंही सार्वजनिक सर्टिफिकेट ४७ दिवसांच्या वर देता येणार नाही. म्हणजे आपोआप नूतनीकरण कसंही करून घ्यावंच लागणार. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केले, तेव्हा त्यांच्या आशेवर राहू नका. रोज एकदा मुदत तपासणारी छोटी स्क्रिप्ट लावा, आणि ती त्याच सर्व्हरवर नको.