वाचक विचारतात : बंद पंपाशेजारचा प्लॉट घ्यावा का?

प्रश्न : सांगलीत एक प्लॉट बघितलाय, शेजारी पूर्वी पेट्रोल पंप होता, बंद होऊन बरीच वर्षं झाली. प्लॉटवर वास अजिबात नाही, पण पलीकडच्यांच्या बोअरचं पाणी पावसाळ्यात वास मारतं म्हणे. मालक मातीचा रिपोर्ट दाखवतो, सगळं क्लीन. ओळखीचा एक इंजिनिअर म्हणतो जमिनीखालची हवा तपासून घ्या. असं खरंच असतं का, का पैसे काढायचे धंदे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : असतं हो, आणि तुमचा इंजिनिअर बरोबर बोलतोय. त्या रिपोर्टची माती कुठल्या जागेची, किती खोलवरची, ते आधी विचारा, कारण वरची फूटभर माती उचलून दिली तर ती क्लीनच येणार. टाकी गळली की पेट्रोल खाली खाली जातं आणि भूजल लागलं की त्याच्यावर तरंगत बसतं, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की थोडं वरच्या मातीत चिकटून राहतं, मग पावसाळ्यात पाणी वर आलं की त्या तेलकट मातीला टेकतं, पलीकडच्या बोअरला तेव्हाच वास येतो तो बहुतेक यामुळंच. वर मात्र नाकाला काही कळत नाही, कारण वाफ वर येता येता मातीतले जिवाणू ऑक्सिजन वापरून ती खाऊन टाकतात.

आता टेस्ट. रॉड ठोकून साधारण दीड मीटर भोक पाडतात, तळाला जाळीचं टोक लावलेली बारीक नळी सोडतात, टोकाभोवती वाळू आणि वर ओल्या बेंटोनाइट मातीचं बूच. नळीतली जुनी हवा आधी काढून टाकायची, मग मिनिटाला 200 मिली किंवा त्याहून कमी अशा संथ गतीनं आतली हवा स्टीलच्या निर्वात डब्यात घ्यायची आणि डबा लॅबला. सॅम्पल घेताना बुचाशेजारी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं फडकं ठेवतात, लॅबला सॅम्पलमध्ये अल्कोहोल जास्त सापडलं की समजायचं वरचीच हवा ओढली, रिपोर्ट बाद. ही लीक टेस्ट केली का हे तुम्ही स्वतः विचारा, नाही म्हणाले तर पैसे देऊ नका. पेट्रोलमधलं बेंझीन तर बघाच, त्यानं कॅन्सर होतो, पण सोबत ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडपण मोजायला सांगा. बाहेर 21 टक्के असणारा ऑक्सिजन खाली दोन-तीन टक्क्यांवर आला असेल आणि कार्बन डायऑक्साइड चढला असेल, तर खाली जिवाणूंना खायला भरपूर काहीतरी आहे, मग बेंझीनचा आकडा बारका आला तरी हुरळून जाऊ नका, अजून खोल बघायला लावा.

आणि आपली काळी माती! पावसाळ्यात ती पाण्यानं गच्च, नळीतून हवाच येत नाही, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा, त्यातून वरची हवा खाली जाते. दिवाळीनंतर जमीन वाफशावर आली की टेस्ट करा, प्लॉट कुठं पळून जात नाही.

खराब निघाली तर आधी जुन्या टाक्या बाहेर काढायच्या, मग बोअर घेऊन ब्लोअरनं वाफ ओढायची आणि अॅक्टिव्हेटेड कार्बनमधून गाळून सोडायची. मुरमात हे झकास चालतं, चिकट काळ्या मातीत हवाच फिरत नाही, तिथं खराब माती उकरून न्यावी लागते आणि तो खर्च मोठा. त्यामुळं रिपोर्ट हातात येईपर्यंत इसार देऊ नका. घर बांधलंच तर तळघर नको, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचते आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी ठिणगी पुरते.

प्रश्न : साताऱ्याजवळ हायवेला लागून शेत आहे, डिझेलचा टँकर उलटला. हीच हवेची टेस्ट करू का?
– एक शेतकरी, सातारा

उत्तर : दादा, डिझेल पेट्रोलसारखं उडत नाही, त्यामुळं नुसत्या हवेवर विसंबू नका, मातीचीच टेस्ट वेगवेगळ्या खोलीवर करा. वरचा भिजलेला थर लगेच बाजूला काढून प्लॅस्टिकवर पसरा, पावसात धुवून विहिरीत जायला नको. नंतर शेणखत, थोडा नत्र, ओल ठेवून पलटत राहायचं, जिवाणू हळूहळू खातात, पण त्यात महिने जातात. टेरी संस्थेनं याचसाठी ऑइलझॅपर नावाचं जिवाणूंचं मिश्रण काढलंय. आणि माती हलवायच्या आधी फोटो, पंचनामा, प्रदूषण मंडळाला लेखी अर्ज, नाहीतर भरपाईच्या वेळी टँकरवाला म्हणेल सांडलंच कुठं.